पाणी तर गरम येतंय की!

मागच्या डिसेंबरात साखर पेठेतल्या एका जुन्या घरातून फोन आला. तक्रार एवढीच, की बाथरूमचा नळ धरला की कधीकधी हाताला मुंग्या येतात. गेलो तर अक्का दारातच म्हणाल्या, "रोज नाही ओ, कधीतरीच, आणि पाणी तर मस्त गरम येतंय की!" हे वाक्य मी सोलापुरात वायरिंगची कामं करताना इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की आधी मेन स्विच कुठंय ते विचारतो.

मुलानं ऑनलाइन मागवलेला शॉवरचा इन्स्टंट हीटर होता, ३ किलोवॅटचा. त्याची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर, तिथं कन्व्हर्जन प्लग (मोठ्या पिना छोट्या सॉकेटात बसवणारा) लावून ६ अँपच्या साध्या सॉकेटमध्ये घुसवलेली. सॉकेटची एक बाजू चहासारखी तपकिरी झालेली, आणि वास तर बाथरूमपर्यंत येत होता, पण रोजचा वास नाकाला कळत नाही. मेन बंद केला, मगच सॉकेट उघडला.

हीटर वाईट असं मी म्हणत नाही. ब्राझीलमध्ये घरोघरी शॉवरच्या तोंडातच हीटर असतो, साडेपाच किलोवॅटचा सर्रास, ब्रिटनमध्ये तर ८ ते १० किलोवॅटचे शॉवर असतात, पण त्याला बोर्डापासून वेगळी जाड केबल टाकतात. वाहतं पाणी लगेच तापवायचं म्हणजे ताकद लागतेच. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला साधारण ४,२०० जूल लागतात, त्या हिशोबानं ३ किलोवॅटचा हीटर मिनिटाला ३ लिटर धार असेल तर पाणी जेमतेम १४ अंश वर नेतो. टाकीतलं पाणी २० अंशांचं असलं तर ३४, म्हणजे अंगाला बरं वाटेल इतकंच. त्यासाठी २३० व्होल्टला १३ अँप ओढतो तो. ६ अँपच्या सॉकेटमधून १३!

आता हा करंट वायरीतून जाताना काय होतं बघा. जूल नावाच्या इंग्रज माणसानं १८४० च्या सुमारास दाखवून दिलं की वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. या घरात बोर्डापासून तिथपर्यंत १ स्क्वेअर एमएमची वायर होती, १५ मीटर जायला आणि १५ यायला. तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, अर्ध्या ओहमच्या आसपास, त्यात साधारण ९० वॅट उष्णता, पण ती ३० मीटरवर पसरलेली, म्हणजे मीटरला ३ वॅट. वायर कोमट होते, पाइपात चार वायरी एकत्र कोंबल्या असतील तर चांगलीच गरम होते, तरी लगेच पेटत नाही. खरी गंमत जॉइंटमध्ये. सॉकेटचा स्क्रू सैल, तिथं नुसता अर्धा ओहम जरी आला तरी तेच ८५ वॅट एका मसुराएवढ्या जागेत. आमच्या सोल्डरिंग आयर्नला २५ वॅट पुरतात, यावरून ओळखा. गरम झालं की तांब्यावर ऑक्साइड चढतो, ऑक्साइडनं रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्सनं अजून गरम. साध्या पीव्हीसी वायरीचं कोटिंग ७० अंशांपर्यंतच टिकायचं म्हणून बनवलेलं असतं. ते आधी मऊ पडतं, मग कडक होऊन तुकडे पडतात. आणि या सगळ्या महिन्यांत पाणी गरमच येत असतं.

मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही? पडायचा ना, पूर्वी. तिथं १६ अँपचा होता, हीटर आणि मिक्सर एकत्र चालला की बऱ्याचदा पडायचा, म्हणून आधीच्या मिस्तरीनं ३२ चा लावून दिला. "तेव्हापासून त्रास नाही," असं अक्का समाधानानं म्हणाल्या. ३२ चा एमसीबी ३६ अँप तासभर खुशाल सोडतो, आणि ती बारीक वायर जेमतेम १०-१२ अँपची. एमसीबी वायरीच्या संरक्षणासाठी असतो, माणसाच्या नाही. इथं तो वायरीच्याही उपयोगाचा उरला नव्हता. पेटीत आणखी एक रिकामी जागा दिसली, तिथं आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच, होता म्हणे, तोही सारखा पडायचा म्हणून काढून टाकला. मला तर वाटतं त्या घरात सगळ्यात शहाणं ते यंत्रच होतं, बिचारं ओरडून सांगत होतं आणि त्यालाच घराबाहेर काढलं.

ते काय ओरडत होतं ते सॉकेट उघडल्यावर कळलं. अर्थिंगची, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत नेणारी, वायर तिथं आलेलीच नव्हती. अर्थची पिन मोकळी कशी ठेवायची म्हणून कुणीतरी दोन इंचांची वायर घेऊन ती न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरीला, जोडून टाकली होती. हे जुगाड जुन्या घरांत खूप दिसतं. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, हीटर चालतो, सगळे खूश. पण न्यूट्रल म्हणजे अर्थ नव्हे, त्यातून वापरलेला करंट परत जात असतो. इथं हीटरचं धातूचं अंग जुन्या लोखंडी पाइपला लागलेलं, त्यामुळं परतीचा थोडा करंट पाइपातून जमिनीत जायचा. आरसीसीबी फक्त एवढंच मोजतो की फेजमधून, म्हणजे येणाऱ्या जिवंत वायरीतून, जितका गेला तितकाच न्यूट्रलनं परत आला का, ३० मिलिअँपचा फरक दिसला की तोडतो. म्हणून तो पडत होता.

आणि मुंग्या? न्यूट्रलचा स्क्रू सैल होता. तो मधूनमधून सुटला की फेज हीटरच्या कॉइलमधून येऊन, त्या दोन इंची वायरीतून थेट हीटरच्या अंगावर. बराचसा पाइपातून जमिनीत जायचा म्हणून फक्त मुंग्या. उद्या कुणी प्लंबर येऊन लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला असता तर जायला वाट एकच, अंघोळ करणारा माणूस. कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स हजारो ओहम असतो पण ओल्या अंगाचा १,००० च्या आसपास धरा, म्हणजे २३० मिलिअँप. डाल्झिएल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलंय, साधारण १६ मिलिअँपला पुरुषाची आणि साडेदहाला बाईची पकड सुटत नाही, स्नायू आखडून हात नळालाच चिकटतो. याच डाल्झिएलनं पुढं १९६१ मध्ये घरगुती वापराचं गळती ओळखणारं यंत्र बनवलं.

अक्कांना एवढं सगळं नाही सांगितलं. लोक म्हणतात "तुमी उगं भीती घालालाव", आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर खरंच आहे, दोन वर्षं काही झालेलं नाही. तीन वायरींतल्या दोनच काम करतात, तिसरी, अर्थची, एरवी काहीच करत नाही, ती नसली तरी पाणी तितकंच गरम. मग ती आहे की नाही हे रोजच्या वापरातून कळणार कसं? मी फक्त ती जळकी सॉकेट त्यांच्या हातात ठेवली, हीटरचा प्लग कापून टाकला, आणि सांगितलं की हे मी परत जोडून देणार नाही, दुसऱ्या कुणाकडून जोडून घ्यायचं तर माझ्या कागदावर सही करा की मी बंद ठेवायला सांगितलं होतं. सही मागितली की माणूस विचार करतो, माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी काम केलं. बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन (अडीच चालली असती, पण पुढं मोठा हीटर आणतीलच), १६ अँपचा सॉकेट, वेगळा एमसीबी, सगळ्या सॉकेटमधली जुगाडं काढली आणि खालून अर्थिंग ओढलं. अर्थिंगबद्दल आपल्याकडं एक गैरसमज आहे, की फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला आणि तो लागला की अर्थ पक्का. बल्बचाच रेझिस्टन्स ५०० ओहमच्या वर असतो, त्यामुळं अर्थच्या खड्ड्याचा ६० ओहम असला तरी बल्ब लख्ख लागणार. पण हीटरच्या अंगावर फेज आला तर त्या ६० ओहममधून चारएक अँपच जाणार, आणि १६ चा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला निदान ८० लागतात. तो ढिम्म हलणार नाही. त्यात आपली काळी माती, पावसाळ्यात चिकट, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा, रॉडला मातीच लागत नाही. म्हणून कोळसा-मीठ घालून खड्डा केला तरी उन्हाळ्यात पाणी घालायला सांगतो, रोज नळ न येणाऱ्या गावात ते कोण ऐकणार. आरसीसीबीला मात्र ६० ओहमही चालतात, त्याला ३० मिलिअँपच हवेत. आणि कुणी मधे आलंच तर २३० मिलिअँपला तो ०.०४ सेकंदात तोडतो. परत लावला. त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं हेही अक्कांना दाखवलं, नातवानं ते तिथल्या तिथं सहा वेळा दाबलं.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, परत फोन. "ते तुमचं मशीन पडालंय ओ, घरात पाहुणे आहेत, काढून टाका." गेलो, हीटरचा प्लग काढला, आरसीसीबी चालू राहिला. प्लग घातला, पडला. हीटर उघडला तर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर एलिमेंटवर चढलेला. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, त्यामुळं एलिमेंट आतल्या आत तापत राहिलं आणि त्याच्या नळीला चीर पडून पाणी आत शिरलं होतं. अक्कांना ती चीर दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली, काही बोलल्या नाहीत, मग आत वळून सुनेला म्हणाल्या, माळ्यावरचा बंब काढ गं, पाहुण्यांच्या अंघोळी व्हायच्यात.