पुण्यात चोरी किंवा अपघाताची फिर्याद: कोणता कागद घ्यायचा आणि तपास कसा पुढे न्यायचा

दुचाकी चोरीला गेली किंवा रस्त्यात कुणी उडवून पळून गेलं की पहिला प्रश्न असतो, पोलीस काही करतील का? ठाण्यातून निघताना हातात कोणता कागद आहे, यावर त्याचं निम्मं उत्तर ठरतं. तपासी अंमलदाराच्या टेबलावर तुमच्यासारखीच अनेक प्रकरणं असतात. मध्येच पालखी, गणपती, निवडणूक, कुणा मंत्र्याचा दौरा असा बंदोबस्त लागतो आणि कोर्टाची समन्सं बजावायची असतात ती वेगळीच. अशा गर्दीत ज्या कागदाला कायद्याने तारखा बांधलेल्या आहेत तोच पुढे सरकतो.

चार कागद, चार वेगळी नशिबं

पहिला कागद म्हणजे गहाळ झाल्याची नोंद. पुणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये ती घरबसल्या होते. नवं सिम किंवा कागदपत्रांची दुय्यम प्रत काढायला ती पुरते, पण त्यावर चोराचा शोध सुरू होत नाही. पीएमपीच्या (शहर बसच्या) गर्दीत खिशातून मोबाईल मारला असेल तर ती चोरी आहे. ‘हरवला असं लिहा, पटकन होईल’ हा सल्ला सोयीचा वाटतो, पण त्यात गुन्हाच नाहीसा होतो.

दुसरा कागद म्हणजे अदखलपात्र नोंद, बोलीभाषेत ‘एनसी’. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७४ नुसार दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास होत नाही. इथे एक खाच आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी आता अदखलपात्र वर्गात टाकली आहे. बारा हजारांचा दोन वर्षं वापरलेला फोन ‘अंदाजे चार हजार’ असा लिहिला गेला की गुन्ह्याची एनसी होते. किंमत खरीच सांगा, पण बिल दाखवून सांगा. पर्स गेली असेल तर रोकड, चांदीची साखळी, घड्याळ सगळं धरून एकूण बेरीज लिहून घ्या.

तिसरा कागद म्हणजे आवक शिक्का मारलेला तक्रार अर्ज. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. शिक्का आणि सही पाहून माणूस निर्धास्त होतो आणि दोन महिन्यांनी कळतं की अर्ज ‘चौकशीवर’ आहे, गुन्हा दाखलच नाही. राज्य पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर टाकलेली तक्रारही याच जातीची, तिला एफआयआर समजू नका.

चौथा कागद म्हणजे एफआयआर, ज्यावर गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.), वर्ष आणि कलमं असतात. कलम १७३(२) प्रमाणे तिची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनाशुल्क मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. चौकीत जबाब घेतला तरी गु.र.नं. ठाण्यातूनच पडतो.

फिर्याद कुणी आणि कुठे द्यायची

फिर्याद द्यायला वस्तूचा मालकच लागतो असं नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती असलेली कुणीही व्यक्ती ती देऊ शकते. जखमी शुद्धीवर नसेल तर नातेवाईक किंवा पाहणारा चालतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती कळवली तर तीन दिवसांत ठाण्यात येऊन सही करावी लागते.

हद्दीचा घोळ पुण्यात नेहमीचा आहे. पुणे शहर, १५ ऑगस्ट २०१८ ला वेगळं झालेलं पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण अशी तीन दलं शेजारी शेजारी आहेत. शिवाय २०२४ मध्ये खराडी, वाघोली, बाणेर, आंबेगाव, नांदेड सिटी, फुरसुंगी आणि काळेपडळ ही नवी ठाणी झाल्याने जुन्या हद्दी बदलल्या. नकाशा आपण शोधत बसायचं नाही. कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. आणखी एक गैरसमज असा की अपघाताचा तपास वाहतूक शाखा करते. चौकात दिसणारे वाहतूक पोलीस मदत करतील, पण गुन्हा आणि तपास स्थानिक ठाण्याचाच.

सोबत न्यायची कागदपत्रं

- ओळखपत्र आणि चालू मोबाईल क्रमांक.
- वाहन चोरी: आरसी, विमा पॉलिसी, दोन्ही किल्ल्या. विमा कंपनी नंतर दोन्ही किल्ल्या मागतेच.
- मोबाईल चोरी: बिल आणि आयएमईआय (खोक्यावर असतो). एफआयआरच्या प्रतीवरून सीईआयआर या केंद्र सरकारच्या पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो.
- अपघात: लायसन्स, आरसी, विमा, रुग्णालयाचा एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाच्या नोंदीचा) क्रमांक, जागेचे फोटो.
- घटनेची वेळ, ठिकाण आणि ओळखीची खूण लिहिलेला एक पानभर मजकूर. तोंडी सांगताना वेळा चुकतात आणि जबाबात चुकलेली वेळ पुढे बचावाचा वकील धरून बसतो.

अपघात: पहिले तीन दिवस

किरकोळ धडकेनंतर ‘आपसात मिटलं, तक्रार नाही’ असा मजकूर लिहून घेण्याची घाई समोरच्या चालकाला असते. मणका, बरगड्या, डोक्याचा मार दुसऱ्या दिवशी बोलतो. एक्स-रे होईपर्यंत अशा कागदावर सही करू नका. फ्रॅक्चर निघालं तर कलमच बदलतं. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या १२५(अ) मध्ये बसते, गंभीर दुखापत १२५(ब) मध्ये, आणि तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृत्यू झाला तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत. म्हणून वैद्यकीय अहवाल तपासी अंमलदाराकडे पोहोचला का, हे स्वतः विचारा. तो न पोहोचल्याने फिर्याद सौम्य कलमावरच राहते. ही कलमं जामीनपात्र आहेत. चालक त्याच दिवशी सुटला म्हणजे ‘मॅनेज’ झालं, असा अर्थ लगेच काढू नये.

दारूचा संशय असेल तर रक्ताचा नमुना किती वाजता घेतला ते विचारून टिपून ठेवा. कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या पोर्शे अपघातात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, त्यानंतर या एका वेळेचं मोल पुण्याला वेगळं समजावून सांगायला नको.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल. भरपाईचा दावा मात्र अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलात तर ती मुदत निघून जाते. धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून हे दर लागू आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो, अंतिम मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

सीसीटीव्ही, जिथे तपास खरोखर हातातून जातो

सोसायटीच्या किंवा दुकानाच्या डीव्हीआरची (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे सात दिवसांत, कुठे महिन्याने. तपासी अंमलदार बंदोबस्तावरून परत येईपर्यंत ते गेलेलं असतं. म्हणून त्याच दिवशी रस्त्यावरून पायी चालत कॅमेरे मोजा. दुकानाचं नाव, कॅमेऱ्याची दिशा आणि मालकाचा क्रमांक अशी यादी करा. सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘अमुक ते अमुक वेळेचं चित्रण राखून ठेवा’ असं लेखी द्या आणि तीच यादी ठाण्यात देऊन पोच घ्या. चित्रण ताब्यात घेण्याची नोटीस पोलीस बीएनएसएसच्या कलम ९४ खाली काढतात.

पडद्यावरचं घड्याळ मोबाईलशी ताडून पाहा. डीव्हीआर अकरा मिनिटं पुढे धावत असेल आणि पंचनाम्यात तो फरक लिहिलेला नसेल, तर फिर्यादीत ९.१० आणि चित्रात ९.२१ दिसतं आणि चांगला पुरावा वादात अडकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र नसलेला पेनड्राइव्ह कोर्टात लंगडा पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली क्लिप वाहन ओळखायला ठीक, पण मूळ प्रत डीव्हीआरमधूनच निघायला हवी.

गुन्हा नोंदवत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. बीएनएसएसमध्ये एक वाट ठेवली आहे. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण चौदा दिवसांतच. ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर मिळालं तर परवानगी कधी घेतली, हे लेखी विचारा.

क्रम असा: आधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेट. मग कलम १७३(४) प्रमाणे परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि पोलीस आयुक्तांना स्पीड पोस्टने लेखी माहिती, ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांना. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली अर्ज. शहराच्या बहुतेक ठाण्यांसाठी त्याकरता शिवाजीनगर कोर्टात जावं लागतं. या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागतं आणि मधल्या पायरीच्या पोस्टाच्या पावत्याही. पावत्या नसल्या तर अर्ज तिथेच अडतो.

नोंद झाल्यावर

कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवायची असते, मेसेजवर कळवली तरी चालतं. प्रत्यक्षात मागितल्याशिवाय ती क्वचितच येते. एफआयआरच्या तारखेत ९० मिळवून कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी गु.र.नं. टाकून एका ओळीचं पत्र द्या. अंमलदाराची बदली झाली तर नव्या अंमलदाराचं नाव त्याच आठवड्यात घ्या. बदलीनंतर फाइल कपाटात राहते आणि कुणी विचारेपर्यंत ती उघडत नाही.

चोर सापडला नाही तर पोलीस तपास बंद करण्याचा अहवाल म्हणजे ‘अ समरी’ दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात: गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. वाहन विम्याच्या दाव्याला ‘अ समरी’ हवी असते, त्यामुळे ती मिळाली की दावेदाराला हायसं वाटतं. पण ‘ब’ किंवा ‘क’ची नोटीस आली तर तारीख चुकवू नका, दंडाधिकाऱ्यांपुढे हरकत घेण्याचा हक्क फिर्यादीला आहे. हरकतीत ‘तपास नीट झाला नाही’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या दुकानाचं चित्रण घेतलं नाही आणि कोणत्या साक्षीदाराचा जबाब राहिला, ते लिहावं लागतं. पहिल्या दिवशीची ती पोच घेतलेली कॅमेऱ्यांची यादी इथे जोडायची.