नंबर 8 लाखांच्या आतला: होममेड रायफली का फुटतात त्याची पार्श्वभूमी

होममेड म्हटलं की गावठी कट्टा डोळ्यासमोर येतो, पाइपाची नळी वगैरे, आणि तो हातात फुटू शकतो हे कुणाला वेगळं सांगायला नको. इथे विषय दुसरा आहे. खऱ्या फॅक्टरीचे सुटे पार्ट जमवून घरी जोडलेली रायफल, दिसायला एकदम चकाचक, आणि मला विचाराल तर जास्त घातक तीच, कारण तिच्याकडे बघून संशयच येत नाही.

जादा दारू भरून नळी उडवून बघायची, टिकली तर शिक्का मारायचा, ही सक्ती लंडनमध्ये 1637 पासूनची. घरच्या जोडणीवर शिक्का असलाच तर तो आधीच्या अवताराचा.

खरी गोम अमेरिकन सैन्याच्या 1903 मॉडेलच्या रायफलीत आहे. तिच्या रिसीव्हरला, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या पोलादी सांगाड्याला, ताव बरोबर बसला की नाही हे कारागीर भट्टीतल्या पोलादाचा रंग बघून ठरवायचे. 1917 मध्ये रायफली फुटल्या, तपास झाला, पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र, लावला तर कळलं की लख्ख उन्हाच्या दिवशी पोलाद ढगाळ दिवसापेक्षा 300 डिग्री फॅरनहाइटपर्यंत जास्त तापत होतं, कारण उजेडात तोच लाल रंग फिका दिसतो! असं जळकं पोलाद वाकत नाही, काचेसारखं तुटतं. 1918 मध्ये पद्धत बदलली, पण तोवर एका कारखान्यात 8 लाख आणि दुसऱ्यात 2,85,507 नंबरपर्यंत (रिसीव्हरवर कोरलेला अनुक्रमांक) माल गेलेला. तपास समितीने सांगितलं या नंबरच्या आतल्या सगळ्या काढून घ्या. पण सैन्याच्या वरिष्ठांकडून 1928 च्या सुमारास ठरलं की सैनिकांच्या हातात आहेत त्या राहू देत, दुरुस्तीला आल्या की बाजूला काढू, कारण काय तर काहींच्या कित्येक नळ्या झिजल्या तरी त्या टिकल्यात ना. आजही काही जण हा निर्णय व्यवहारी म्हणतात. मला तो चालढकलच वाटतो, आजवर फुटली नाही म्हणजे उद्या फुटणार नाही हे कुठलं लॉजिक.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरप्लस माल स्वस्तात सुटला आणि हेच रिसीव्हर शिकारी रायफली जोडणाऱ्या हौशी लोकांच्या टेबलावर आले. भंगार म्हणून मधोमध कापलेले रिसीव्हरसुद्धा वेल्ड करून, घासून, काळा रंग चढवून परत बाजारात आले, आणि वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद मऊ पडतं ते रंगाखाली दिसत नाही.

मग हेडस्पेस. हा शब्द सगळे वापरतात आणि निम्मे चुकीचा वापरतात, ती काही नुसती मोकळी जागा नाही, बंद बोल्टच्या (काडतूस मागून दाबून धरणारा सरकता दांडा) तोंडापासून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं ते माप आहे. .30-06 या काडतुसाला 'चालेल' आणि 'चालणार नाही' या दोन गेजमधला (माप तपासायचे ठोकळे) फरक जेमतेम 0.15 मिलिमीटर, म्हणजे दोन केसांची जाडी. एका रायफलचा बोल्ट दुसरीत घातला, सहज बसला, खटका पण वाजला, म्हणजे जमलं असं नाही. माप जास्त असेल तर काडतुसाची पितळी खोळ ताणून बुडाजवळ फाटते आणि 4,000 बार दाबाच्या आसपासचा गॅस मागे येतो, जिथे डोळा टेकलेला असतो. गाडीच्या टायरमध्ये 2 बारच्या आसपास असतात.

दिसण्यावर जाऊ नये हे नव्या मालालाही लागू आहे: 2013 मध्ये 3D प्रिंटरवरचं प्लास्टिक पिस्तूल आलं तेव्हा अमेरिकेच्या सरकारी टेस्टमध्ये एका प्लास्टिकचं पहिल्याच गोळीला फुटलं, तेच डिझाइन दुसऱ्या प्लास्टिकमध्ये टिकलं. बाहेरून दोन्ही सारखीच.