लायोनेलची जुनी डिझेल इंजिने व त्यांचे प्रकारभेद

खेळण्यातल्या जुन्या रेल्वेगाड्या जमवण्याच्या छंदाची एक मोठी शाखा. दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे १९४५ ते १९६९ या काळात, अमेरिकेतील लायोनेल कॉर्पोरेशनने काढलेली ओ गेजची डिझेल इंजिने जमवणे आणि एकाच क्रमांकाच्या इंजिनांमध्ये कारखान्यातच पडलेले बारीक फरक हुडकणे, हा या शाखेचा विषय आहे. संग्राहक या फरकांना ‘व्हेरिएशन’ म्हणतात. मराठीत प्रकारभेद म्हणता येईल.

जोशुआ लायोनेल कोवेन याने १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी सुरू केली. महायुद्धानंतर तिचा कारखाना न्यू जर्सीत होता. ओ गेजच्या रुळांतील अंतर सव्वा इंच (सुमारे ३२ मिमी) असते. लायोनेलच्या रुळाला मधोमध तिसरी पट्टी असते. तिच्यातून इंजिनाला एसी वीज मिळते. खऱ्या रेल्वेशी तुलना केली तर ही तिसरी पट्टी खटकते, पण तिच्यामुळे मुलांनी रूळ कसेही वळवून जोडले तरी शॉर्टसर्किट होत नसे.

या छंदाच्या केंद्रस्थानी एफ-३ हे इंजिन आहे. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने १९४५ ते १९४९ या काळात खरे एफ-३ बांधले, आणि लायोनेलने १९४८ मध्ये त्याची प्रतिकृती बाजारात आणली. साचे घडवण्याच्या खर्चाचा काही भाग जनरल मोटर्स, सांता फे रेल्वे आणि न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे यांनी उचलला होता. खेळण्याच्या कुशीवर जनरल मोटर्सचे छोटे बोधचिन्ह दिसते ते त्यामुळेच. पहिल्या इंजिनाचा क्रमांक २३३३ होता आणि ते सांता फे व न्यूयॉर्क सेंट्रल अशा दोन रंगसंगतींत मिळे. लाल नाक, पिवळी रेघ आणि रुपेरी अंग असलेले सांता फेचे इंजिन इतके खपले, की अमेरिकन घरांत आगगाडीचे खेळणे म्हटल्यावर हेच चित्र डोळ्यांपुढे येऊ लागले. ही इंजिने जोडीने मिळत. त्यातल्या एका इंजिनात दोन मोटारी असत. दुसरे नुसते शोभेचे, बिनमोटारीचे असे.

प्रकारभेद कसे पडतात हे याच इंजिनावर नीट समजते. १९४८ मध्ये सुरुवातीला निघालेल्या मालावर अक्षरे रबरी शिक्क्याने उमटवलेली होती. पुढे तापवलेल्या ठशाने अक्षरे दाबून छापायला सुरुवात झाली. इंजिन खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरले की ठशाची अक्षरे प्लास्टिकमध्ये किंचित खोल बसलेली दिसतात आणि नखाला त्यांची कड लागते. रबरी शिक्क्याची अक्षरे मात्र रंगावर सपाट बसलेली असतात. क्रमांक तोच आणि रंग तोच, तरीही रबरी शिक्क्याचे इंजिन कमी मिळते आणि त्याला जास्त भाव येतो.

छपराची गोष्टही अशीच आहे. सुरुवातीच्या इंजिनांच्या छपरावरील झरोक्यांना खरी तारेची जाळी बसवलेली असे. १९५३ मध्ये जाळी गेली आणि साच्यातच ओतलेल्या पट्ट्या आल्या. सांता फेच्या पुढच्या इंजिनाचा क्रमांक २३३३ नंतर २३४३ झाला होता, तो त्याबरोबर २३५३ झाला. पण मधल्या बी-युनिटचा (म्हणजे चालकाची कॅब नसलेल्या, दोन इंजिनांमध्ये जोडायच्या इंजिनाचा) २३४३-सी हा क्रमांक १९५५ पर्यंत तसाच राहिला. त्यामुळे एकाच क्रमांकाची बी-युनिटे जाळीची आणि पट्ट्यांची, अशी दोन्ही सापडतात. दोन टोकांची इंजिने जाळीची आणि मधले पट्ट्यांचे असा संच विकायला आला, तर तो नंतर कुणीतरी जुळवलेला असण्याची शक्यता मोठी.

एफ-३ नंतरच्या इंजिनांत रंगांचे भेद जास्त ठळक आहेत. फेअरबँक्स-मोर्सच्या ‘ट्रेन मास्टर’ची प्रतिकृती १९५४ मध्ये लॅकावाना रेल्वेच्या रंगात निघाली (क्रमांक २३२१). तिचे छप्पर काही नगांवर तपकिरी-लाल, तर काहींवर राखाडी आहे. यातले तपकिरी-लाल दुर्मीळ. व्हर्जिनियन रेल्वेचे २३३१ हे इंजिन १९५५ मध्ये काळ्या-पिवळ्या रंगात आले आणि नंतर निळ्या-पिवळ्या रंगात निघू लागले. मिलवॉकी रोडचे जीपी-७ (२३३८) तर या छंदातली दंतकथाच म्हणावी लागेल. नेहमीच्या नगांवर बाजूचा नारिंगी पट्टा चालकाच्या कॅबशी येऊन थांबतो, तर अगदी थोड्यांवर तो कॅबवरूनही सलग जातो. कवचाचे प्लास्टिकच नारिंगी असल्याने कॅबवरचा काळा रंग खरवडून असा पट्टा बनावटपणे काढता येतो. म्हणून जाणकार आधी रंगाच्या कडा भिंगाखाली पाहतात, किमतीचे नंतर बोलतात.

१९५० हे कंपनीचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या वर्षी युनियन पॅसिफिकच्या पिवळ्या रंगात अल्को कंपनीच्या डिझेलची प्रतिकृती निघाली (२०२३). या इंजिनाचे नेहमीचे नाक पिवळे असते. राखाडी नाकाचे फार क्वचित आढळते. अल्को हे नाव मराठी रेल्वेप्रेमींना परके नाही. १९६२ मध्ये भारतात आलेली पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिने याच कंपनीची. पुढे ती वाराणसीत बांधली जाऊ लागली आणि पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये या वंशाच्या इंजिनांनी अनेक वर्षे मुक्काम केला.

हे भेद कुणी मुद्दाम योजून केलेले नव्हते. नाताळच्या हंगामाआधी माल बाहेर पडायला हवा म्हणून हाताशी असलेले कवच, शिल्लक रंग आणि जुन्या खेपेचे सुटे भाग वापरले जात. छपाईची रीत बदलली तरी आधीचा साठा फेकून दिला जात नसे. कारखान्यातल्या कामगारांच्या हातांची नोंद कागदावर क्वचितच झाली. ती या फरकांत मात्र टिकून राहिली आहे. म्हणूनच जुन्या इंजिनाला नवा रंग देणे हे प्रस्तुत लेखकाला जुन्या पोथीच्या पानावर नवी शाई फिरवण्याइतकेच वाईट वाटते. ओरखडे असू द्यावेत, पण मूळ रंग जाऊ देऊ नये.

या इंजिनांचा सर्वांत मोठा शत्रू त्यांच्याच पोटात असे. भोंगा वाजवण्यासाठी आत टॉर्चमध्ये घालतात तसला एक मोठा सेल बसवायचा असे. खेळ संपला की गाडी माळ्यावर जाई आणि सेल आतच राहून जाई. वर्षानुवर्षे पाझरलेल्या सेलमुळे खालचा पत्रा पांढुरका होतो, फुगतो आणि शेवटी त्याला भोके पडतात. वरून नवेकोरे दिसणारे इंजिनसुद्धा त्यामुळे उलटे करून, कवच काढून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

स्थिती मोजण्यासाठी अमेरिकेत १ ते १० अशी श्रेणी वापरतात. इंजिनासाठी ‘सी’ आणि खोक्यासाठी ‘पी’ हे अक्षर असते. खोक्याला वेगळी श्रेणी लागते, कारण नारिंगी-निळी मूळ खोकी इंजिनापेक्षा लवकर फाटली व फेकली गेली. काही रिकामी खोकीसुद्धा चांगल्या किमतीला जातात आणि त्यामुळे त्यांच्याही नकला निघाल्या आहेत. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने या श्रेणींना शिस्त लावली. तिचे संग्रहालय पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्ग येथे असून, त्याच राज्यातल्या यॉर्कला वर्षातून दोनदा संग्राहकांचा मोठा मेळा भरतो.

भारतात अशी गाडी आणणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लायोनेलचे जुने ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतल्या सुमारे ११५ व्होल्टच्या विजेसाठी बनवलेले आहेत. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट लावले तर जळतात. मध्ये व्होल्टेज उतरवणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो, आणि सत्तर वर्षांच्या जुन्या वायरीचे कवच तडकलेले असेल तर आधी ती वायर बदलून घ्यावी लागते.