वॉशिंग्टनची मुले, इतरांची विजेतेपदे : एका महानगराच्या बास्केटबॉलची पार्श्वभूमी

4 एप्रिल 2016 रोजी ह्यूस्टनमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. शेवटची शिटी वाजत असताना व्हिलानोवा विद्यापीठाच्या क्रिस जेंकिन्सने दुरून तीन गुणांचा नेम साधला आणि नॉर्थ कॅरोलायनाचा 77-74 असा पराभव झाला. पराभूत संघात नेट ब्रिट होता. त्याच्याच आईवडिलांनी जेंकिन्सचे पालकत्व घेतले होते, आणि दोघे मेरीलँडमधील अपर मार्लबोरो येथील एकाच घरात वाढून वॉशिंग्टनच्या गोंझागा या जेझुइट शाळेत शिकले होते. विजयी संघातील दुसरा महत्त्वाचा खेळाडू जॉश हार्ट हाही सिल्व्हर स्प्रिंगचा, म्हणजे त्याच शहराच्या उपनगरातला होता. व्हिलानोवा फिलाडेल्फियाजवळ आहे आणि नॉर्थ कॅरोलायना त्याहून बरेच दक्षिणेला. वॉशिंग्टनमधल्या एकाही विद्यापीठाचा त्या सामन्याशी संबंध नव्हता.

एखादे महानगर महाविद्यालयीन बास्केटबॉलसाठी किती खेळाडू घडवते, याच्या याद्या अमेरिकेत दरवर्षी निघतात आणि दर लाख लोकसंख्येमागे किती, या हिशेबाने शहरांची क्रमवारीही लावली जाते. हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. जेंकिन्सचा जन्म दक्षिण कॅरोलायनातला आहे. जन्मगाव धरले तर तो वॉशिंग्टनचा ठरत नाही, शाळा धरली तर ठरतो. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेल्या केव्हिन ड्युरंटचे बालपण सीट प्लेझंट या वॉशिंग्टनला खेटून असलेल्या गावात गेले, पण मधले एक वर्ष तो व्हर्जिनियाच्या डोंगराळ टोकाला असलेल्या ओक हिल अकादमीत खेळला आणि शेवटचे वर्ष रॉकव्हिलच्या माँट्रोज ख्रिश्चन शाळेत. बॉल्टिमोर तर मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे, तरी सरकारी व्याख्येनुसार ते वेगळे महानगर आहे. त्याला जोडून घेतले की यादी फुगते, वगळले की बारीक होते. 2020 च्या जनगणनेत वॉशिंग्टन महानगराची लोकसंख्या सुमारे 63 लाख होती आणि ती राजधानीचे शहर, मेरीलँड, व्हर्जिनिया व पश्चिम व्हर्जिनियाचा थोडा भाग अशी विखुरलेली आहे. माझ्या मते या प्रकरणात शाळा हाच सर्वांत प्रामाणिक निकष आहे, कारण खेळाडू घडण्याचे काम बहुतेक तिथेच झाले. शाळांच्या इतिहासात शिरले की आणखी एक गोष्ट दिसते: या भागात खेळाडू घडणे कधीच थांबले नाही, बदलत गेले ते एवढेच की त्यांना कोणी उचलले आणि का.

सुरुवात 1904 पासून करावी लागते. बास्केटबॉलचा जन्म 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचा. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय शाळांमध्ये शारीरिक शिक्षण देणारे एडविन हेंडरसन यांनी हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात तो शिकून घेतला आणि परत येऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला. त्या काळी शहरातील शाळा वर्णानुसार विभागलेल्या होत्या, त्यामुळे हेंडरसन यांना सामने, पंच, स्पर्धा आणि जागा हे सगळे नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या ट्वेल्फ्थ स्ट्रीट वायएमसीए संघाने 1909-10 च्या हंगामात एकही सामना गमावला नाही. पुढे याच संघाच्या आधारावर हॉवर्ड विद्यापीठाचा संघ उभा राहिला. महानगराने महाविद्यालयाला खेळाडू पुरवण्याचे हे इथले पहिले उदाहरण म्हणता येईल, आणि त्यात खेळाडू गावातच राहिले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हेंडरसन यांना बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते 2013 साली, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

विभागलेल्या शाळांमुळे गुणवत्तेची मोजदादच होत नसे, हे एल्जिन बेलरच्या उदाहरणातून स्पष्ट होते. 1952 मध्ये सुरू झालेल्या स्पिंगार्न या कृष्णवर्णीय शाळेचा हा विद्यार्थी 1954 मध्ये शालेय शिक्षण संपवताना शहरातला बहुधा सर्वोत्तम खेळाडू होता. महानगराच्या सर्वोत्तम शालेय संघाच्या पहिल्या पाचांत निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षी 17 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोलिंग विरुद्ध शार्प खटल्यात राजधानीतील शालेय वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पण शेजारच्या मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे एका निकालाने उघडणार नव्हते. बेलर देशाच्या दुसऱ्या टोकाला आयडाहोच्या एका छोट्या महाविद्यालयात गेला आणि तिथून सिअ‍ॅटल विद्यापीठात. 1958 मध्ये त्याने सिअ‍ॅटलला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. केंटकीने तो सामना जिंकला, तरी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू बेलरच ठरला. आठ वर्षांनी त्याच शाळेतून निघालेला डेव्ह बिंग न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला गेला. मेरीलँड विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, बिली जोन्स, 1965 मध्ये दिसला. तोवर गावातल्या गुणी मुलाने बाहेरगावी जाण्याची रीत पडून गेली होती.

इथे कॅथलिक शाळांचा भाग नीट समजून घ्यावा लागतो, कारण या महानगराची पुढची सगळी घडण त्यांच्याभोवती झाली. वॉशिंग्टनचे आर्चबिशप पॅट्रिक ओ'बॉयल यांनी न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता 1940 च्या दशकाच्या अखेरीपासूनच आपल्या शाळा सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. 1951 मध्ये उघडलेली आर्चबिशप कॅरोल शाळा पहिल्या दिवसापासून मिश्र होती. सरकारी शाळा अजून अडखळत होत्या, तेव्हा कॅरोलच्या संघात गोरी व काळी मुले एकत्र खेळत होती, आणि 1958 ते 1960 या काळात त्या संघाने सलग 55 सामने जिंकले. संघातला उंच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा खेळाडू, जॉन थॉम्पसन प्रॉव्हिडन्स महाविद्यालयात गेला. त्याचा सहकारी एडवर्ड मलॉय नोत्र दामला गेला आणि पुढे त्याच विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. नोत्र दाम हे इंडियानातले कॅथलिक विद्यापीठ. वॉशिंग्टनच्या कॅथलिक शाळांशी त्याचे नाते इतके घट्ट झाले की त्याचा परिणाम राष्ट्रीय निकालांतही दिसला. जानेवारी 1971 मध्ये वॉशिंग्टनच्या मॅकिन या कॅथलिक शाळेतून नोत्र दामला आलेल्या ऑस्टिन कार याने 46 गुण करून लॉस एंजेलिसच्या बलाढ्य यूसीएलए विद्यापीठाला हरवले. त्यानंतर यूसीएलएने सलग 88 सामने जिंकले, आणि ती मालिका जानेवारी 1974 मध्ये मोडली तीही नोत्र दामनेच. तेव्हा त्यांच्या संघात डीमॅथा शाळेतून नुकताच आलेला एड्रियन डँटली होता. कारने 1970 च्या राष्ट्रीय स्पर्धेत ओहायोविरुद्ध केलेले 61 गुण हा त्या स्पर्धेतील एका सामन्याचा विक्रम अजून अबाधित आहे.

डीमॅथा ही मेरीलँडच्या हयात्सव्हिलमधली मुलांची कॅथलिक शाळा. मॉर्गन वुटन यांनी 1956 ते 2002 अशी 46 वर्षे तिथे प्रशिक्षण दिले आणि 1,274 सामने जिंकले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण या टिपणापुरती त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: साधारण तीन दशके त्यांच्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, मैदानात क्वचितच उतरणाऱ्यालाही, महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. अमेरिकेत व्यावसायिक क्लब मुलांना लहानपणापासून पोसत नाहीत; शाळेतून विद्यापीठात आणि तिथून व्यावसायिक संघात, असा मार्ग आहे. त्यामुळे शिष्यवृत्ती मिळवून देणारा शालेय प्रशिक्षक हा पालकांच्या लेखी फार मोठा माणूस ठरतो. डीमॅथाचे नाव देशभर झाले ते 30 जानेवारी 1965 च्या सामन्याने. न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेने सलग 71 सामने जिंकले होते आणि तिच्याकडे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखला गेलेला ल्यू अल्सिंडोर होता. त्याच्या लांब हातांवरून चेंडू टाकण्याची सवय व्हावी म्हणून वुटन यांनी सरावात आपल्या खेळाडूंसमोर टेनिसच्या रॅकेटी उंच धरायला लावल्या. मेरीलँड विद्यापीठ जिथे आहे त्या कॉलेज पार्कच्या कोल फील्ड हाउसमध्ये सुमारे साडेबारा हजार प्रेक्षकांसमोर डीमॅथाने 46-43 असा विजय मिळवला. शालेय सामन्याला एवढी गर्दी त्या काळी अपूर्व होती. पुढच्याच वर्षी याच सभागृहात टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी केंटकीच्या गोऱ्या संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात हरवले. त्यानंतर दक्षिणेकडच्या विद्यापीठांना आपले धोरण बदलावे लागले, आणि वॉशिंग्टनच्या मुलांसाठी मागणी एकदम वाढली.

दरम्यान महानगराचाच नकाशा बदलत होता. 1957 च्या सुमारास वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय बहुसंख्या असलेले देशातले पहिले मोठे शहर बनले. नंतर नोकरदार कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या पूर्व सीमेपलीकडील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत जाऊ लागली. 1970 मध्ये तिथल्या रहिवाशांपैकी साधारण सातांत एक कृष्णवर्णीय होता. 2000 पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेले. सरकारी नोकरीमुळे स्थिर उत्पन्न, प्रत्येक वस्तीत काउंटीचे क्रीडाकेंद्र, शेजारी कॅथलिक शाळांची कडवी स्पर्धा आणि कॉलेज पार्कला मोठे विद्यापीठ, असा योग अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी जुळला असेल. गरिबीतून सुटका म्हणून बास्केटबॉल, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट इथे अर्धीच लागू पडते. मुलाला सकाळी मोटारीने सरावाला सोडणारे आणि फी भरू शकणारे पालक हेही या काउंटीच्या यशाचे कारण आहे.

स्थानिक विद्यापीठांनी आपल्या दारातली संपत्ती ओळखली ती 1970 च्या दशकात. प्रशिक्षक लेफ्टी ड्रिसेल 1969 मध्ये मेरीलँड विद्यापीठात आले. 1972 मध्ये वॉशिंग्टनमधल्याच जॉर्जटाउन विद्यापीठाने आधीच्या हंगामात 26 पैकी अवघे 3 सामने जिंकलेला आपला संघ जॉन थॉम्पसन यांच्या हाती दिला. हे कॅरोल शाळेचेच जुने सेंटर; मधल्या काळात ते शहरातल्या सेंट अँथनी शाळेत प्रशिक्षक होते. त्यांनी सरकारी शाळांकडे लक्ष वळवले. डनबारमधून जॉन ड्युरेन व क्रेग शेल्टन आले. 1984 मध्ये जॉर्जटाउन राष्ट्रीय विजेते झाले आणि असा मान मिळवणारे थॉम्पसन पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले, तेव्हा संघाचा कणा मॅसॅच्युसेट्सचा पॅट्रिक युइंग असला तरी त्याच्याभोवती व्हर्जिनियातले उपनगर रेस्टन आणि शहरातल्या शाळांतील मुले होती. मात्र डीमॅथाकडे थॉम्पसन यांनी जवळपास पाठच फिरवली. वुटन यांच्याशी असलेले जुने वैर हे त्याचे कारण मानले जाते. एकाच महानगरातील सर्वांत मोठी शाळा आणि सर्वांत यशस्वी विद्यापीठ यांच्यात असा अबोला राहिल्याचा फायदा साहजिकच तिसऱ्यांना झाला.

त्या तिसऱ्यांत नॉर्थ कॅरोलायना राज्यातले ड्यूक विद्यापीठ अग्रणी. 1986 मध्ये अंतिम सामना खेळलेल्या ड्यूकच्या संघात मॅकिनचा जॉनी डॉकिन्स, व्हर्जिनियाच्या उपनगरांतले टॉमी अमेकर आणि बिली किंग, व डीमॅथाचा डॅनी फेरी असे चौघे वॉशिंग्टन परिसरातले होते. पुढे रेस्टनचा ग्रँट हिल 1991 आणि 1992 च्या विजेत्या संघांत होता. याच 1986 च्या जूनमध्ये मेरीलँडला मोठा धक्का बसला. प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या लँडओव्हरमध्ये वाढलेला मेरीलँडचा खेळाडू लेन बायस याची बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर निवड केली आणि दोनच दिवसांनी, 19 जून रोजी, कोकेनमुळे त्याचा मृत्यू झाला. ड्रिसेल गेले, विद्यापीठाची चौकशी झाली, नंतर स्पर्धाबंदीची शिक्षाही आली. शेजारच्या शाळांतून कॉलेज पार्ककडे जाणारा ओघ बरीच वर्षे आटला. प्रशिक्षक गॅरी विल्यम्स यांनी 2002 मध्ये मेरीलँडला विजेतेपद मिळवून दिले तेव्हा सिल्व्हर स्प्रिंगचा लॉनी बॅक्स्टर आणि बॉल्टिमोरचा वॉन डिक्सन हे त्या संघाचे आधार होते. पण त्या दोघांनाही शाळेत असताना देशातल्या पहिल्या पंक्तीत कोणी बसवले नव्हते.

महानगर किती समृद्ध आहे हे त्याच्या अव्वल खेळाडूंवरून ठरवण्यापेक्षा, मोठ्यांनी नाकारलेली मुले काय करतात यावरून ठरवावे, असे मला वाटते. त्यासाठी 2006 सालचे जॉर्ज मेसन विद्यापीठ हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. व्हर्जिनियाच्या उपनगरातील फेअरफॅक्समधल्या या विद्यापीठाचे बास्केटबॉलमध्ये फारसे नाव नव्हते. प्रशिक्षक जिम लॅरानागा यांच्या पाचही प्रमुख खेळाडूंचे घर मेरीलँडमध्ये होते: लमार बटलर, टोनी स्किन व फोलारिन कॅम्पबेल वॉशिंग्टनच्या उपनगरांतले, जय लुईस आणि विल थॉमस बॉल्टिमोरच्या बाजूचे. बाद फेरीत अकराव्या मानांकनावरून आलेल्या या संघाने मिशिगन स्टेट, गतविजेते नॉर्थ कॅरोलायना आणि विचिटा स्टेट यांना हरवले. मग वॉशिंग्टनमध्येच झालेल्या सामन्यात जादा वेळेत कनेटिकटवर 86-84 अशी मात करून त्याने उपांत्य फेरी गाठली. कनेटिकटच्या त्या संघातल्या पाच जणांना त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगने निवडले, आणि त्यांतले रूडी गे व जॉश बून हेही मेरीलँडमध्येच शिकलेले होते. एका राज्यातील उरलेल्यांनी निवडक मुलांना हरवले, असेच त्या सामन्याचे वर्णन करावे लागेल. त्याच वर्षी ड्युरंट टेक्सस विद्यापीठात दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात सरासरी 25.8 गुण करून, राष्ट्रीय सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवणारा पहिला नवखा विद्यार्थी ठरला.

ड्युरंटच्या पिढीपासून शाळेच्या जोडीला उन्हाळी क्लब संघ आले. बूट-कंपन्यांच्या पैशावर चालणारे हे संघ मुलांना देशभर फिरवतात, आणि प्रशिक्षकांची नजर आता शाळेच्या सामन्यांइतकीच तिथेही असते. शाळांचे वजन मात्र पूर्ण गेलेले नाही. डीमॅथातून मार्केल फुल्ट्झ निघाला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात एक वर्ष खेळून 2017 मध्ये एनबीएच्या निवडीत पहिला आला, तर व्हर्जिनियातील पॉल द सिक्स्थ शाळेने ड्यूकला एकामागून एक खेळाडू दिले. 2021 पासून विद्यापीठ बदलणे सोपे झाले आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली, त्यामुळे कोणता मुलगा कोणत्या विद्यापीठाला मिळाला, या जुन्या प्रश्नाचे उत्तरच आता दर उन्हाळ्यात बदलते. अलेक्झांड्रियाचा हंटर डिकिन्सन डीमॅथातून 2020 मध्ये मिशिगनला गेला, तीन वर्षांनी कॅन्ससला, आणि दोन्हीकडे संघाचा प्रमुख सेंटर राहिला. अशा खेळाडूची नोंद विद्यापीठाच्या खात्यात कशी करायची, यावर यादी करणाऱ्यांत एकमत होणे कठीण आहे. शाळेच्या रकान्यात मात्र हयात्सव्हिल एवढे एकच नाव लिहावे लागते.