क्लेझमर-प्रेरित क्लॅरिनेट रचना

पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक (आश्केनाझी) ज्यूंच्या लग्नकार्यांत वाजणाऱ्या क्लेझमर या वाद्यसंगीताच्या आधारे एकल क्लॅरिनेट व वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या मैफलीच्या रचना. कन्चेर्तो (एकल वाद्य व वाद्यवृंद यांची अनेक भागांची रचना) हा त्यांचा मुख्य साचा. पण मूळ थोड्या वाद्यांची रचना पुढे वाद्यवृंदासाठी विस्तारली असल्यास तीही याच वर्गात धरतात. कोकण-मुंबईतील बेने इस्राएल समाजाचा या संगीताशी संबंध नाही. त्यांची मराठी कीर्तनाची परंपरा सर्वस्वी वेगळी आहे.

क्लेझमर मेळ्यांत मुळात व्हायोलिन व त्सिम्बल (संतूरच्या जातीचे वाद्य) यांचे प्राधान्य होते. क्लॅरिनेटचा शिरकाव बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. काही नगरांत ज्यू वादकांना मोठ्या आवाजाची वाद्ये वाजविण्यास बंदी होती, म्हणून हे वाद्य उशिरा आले, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. लष्करी बँडमधून परतलेल्या वादकांनी ते आणले, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. ‘क्लेझमर म्हणजे क्लॅरिनेट’ हे समीकरण मात्र अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्कला स्थलांतरित झालेले नाफ्तुले ब्रांडवाइन (१८८४–१९६३) व डेव्ह टारस (१८९७–१९८९) यांच्या १९२० च्या दशकातील ध्वनिमुद्रिकांनी ते रूढ केले, आणि पुढचे बहुतेक रचनाकार याच ध्वनिमुद्रिकांचे ऋणी आहेत.

स्वररचनेत दोन स्वरावली प्रमुख. ‘फ्रेगिश’मध्ये ऋषभ, धैवत व निषाद कोमल आणि गांधार शुद्ध असतो, म्हणजे स्वर बसंत मुखारीचे. तथापि साम्य तेवढ्यावरच थांबते: षड्जाच्या खाली उतरताना फ्रेगिशचा धैवत पुष्कळदा शुद्ध होतो. दुसरी ‘मि शेबेराख’. तीत गांधार व निषाद कोमल, मध्यम तीव्र. हिला संगीतशास्त्रज्ञ आब्राहाम इडेलसोन यांनी ‘युक्रेनी डोरियन’ (डोरियन ही एक जुनी युरोपीय स्वरावली) म्हटले, तर सोव्हिएत संगीतशास्त्रज्ञ मोइसेय बेरेगोव्स्की (१८९२–१९६१) यांनी ‘परिवर्तित डोरियन’. ही स्वरावली युक्रेनबाहेर, रुमानियापासून पुढेही आढळत असल्याने बेरेगोव्स्कींची संज्ञा बरी.

अलंकारांपैकी ‘क्रेख्त्स’ सर्वांत अवघड. चालू स्वर सोडता सोडता वरच्या स्वराला निसटता स्पर्श करून आवाज घशाशी तोडला जातो. ऐकणाऱ्याला हुंदका दाटल्यासारखे वाटते. स्वरलिपीत तो अर्ध्यामुर्ध्या कणस्वरापलीकडे उतरत नाही. मींडही निव्वळ बोटांची नव्हे: छिद्रांवरून बोटे हळूहळू सरकवीत वादकाला ओठांचा दाब सैल करावा लागतो आणि जीभ व घशाची ठेवणही बदलावी लागते. ‘दोइना’ या तालमुक्त, आलापसदृश प्रकारात या सगळ्याचा कस लागतो. म्हणूनच कन्चेर्तोंमध्ये संथ भागाला दोइना व अखेरीला ‘फ्रेलेख्स’ वा ‘बुल्गार’ हे नाच अशी योजना वारंवार दिसते.

रशियन रचनाकार सर्गेय प्रोकोफिएव्ह यांची ‘हिब्रू विषयांवरील ओव्हर्चर’ (१९१९) ही या प्रकाराची पूर्वसूरी. क्लॅरिनेट, पियानो व तंतुवाद्य-चतुष्टय यांची ही रचना त्यांनी क्लॅरिनेटवादक सिमेऑन बेलिसन यांच्या ‘झिम्रो’ मेळ्यासाठी न्यूयॉर्कमध्ये केली व १९३४ मध्ये वाद्यवृंदासाठी मांडली. चाली बेलिसन यांच्या वहीतल्या. त्यांचा उगम वादग्रस्त आहे. त्या बेलिसन यांनीच रचल्या असाव्यात, असे एक मत. पण चेलोवर येणारी दुसरी चाल आईवडिलांचा निरोप घेणाऱ्या नवरीच्या यिद्दिश गाण्याशी जुळते, त्यामुळे निदान तिच्यापुरते हे मत टिकत नाही. अमेरिकन रचनाकार जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या (१९२४) आरंभीची क्लॅरिनेटची मींडही क्लेझमरची म्हणून दाखविली जाते. गर्श्विन यांनी लिहिली होती सतरा स्वरांची तान. पॉल व्हाइटमन यांच्या बँडमधील रॉस गॉर्मन यांनी तालमीत गमतीने तिची मींड केली व ती कायम झाली. गर्श्विन न्यूयॉर्कच्या यिद्दिश रंगभूमीच्या परिसरात वाढले हे खरे, पण या मींडेचे श्रेय गॉर्मन यांच्याकडेच जाते आणि ते क्लेझमर वादक नव्हते. ही रचना येथे धरू नये.

प्रत्यक्ष कन्चेर्तो-वाङ्‌मय १९७० च्या दशकातील क्लेझमर पुनरुज्जीवनानंतरचे. ब्वेनोस आइरेसमध्ये १९३६ साली जन्मलेले जिओरा फाइडमन त्यामागील मुख्य प्रेरणा होत. पुढे मुंबईकर झुबिन मेहता दीर्घकाळ ज्याचे संगीत दिग्दर्शक होते, त्या इस्राएल फिलहार्मॉनिकमध्ये ते बास क्लॅरिनेट वाजवीत. अत्यंत हळुवार, जवळजवळ श्वासासारखा आवाज ही त्यांची खूण. रॉबर्ट स्टेरर यांची ‘क्ली झेमेर’ ही १९८० च्या दशकातील रचना आरंभीच्या कन्चेर्तोंत मोडते.

सर्वाधिक वाजविली जाणारी कृती आर्जेंटिनात जन्मलेले ओस्वाल्दो गोलिहोव यांची ‘द ड्रीम्स अँड प्रेअर्स ऑफ आयझॅक द ब्लाइंड’ (१९९४). प्रथम प्रयोग फाइडमन व क्लीव्हलंड क्वार्टेट हे तंतुवाद्य-चतुष्टय यांचा. ध्वनिमुद्रणाने प्रसिद्धी मिळवून दिली ती डेव्हिड क्राकाउअर व क्रोनोस क्वार्टेट यांनी. क्लॅरिनेट व तंतुवाद्यवृंद ही आवृत्ती नंतरची. शीर्षकातील आयझॅक हे बाराव्या-तेराव्या शतकांतील प्रोव्हान्सचे (दक्षिण फ्रान्स) कब्बालापंथी (ज्यू गूढवादी) रब्बी. उपोद्घात व उपसंहार यांमधील तीन भाग अनुक्रमे अरामाईक, यिद्दिश व हिब्रू या भाषांत लिहिल्यासारखे आहेत, असे रचनाकाराचे म्हणणे. लग्नातला क्लेझमर मेळा दुसऱ्या, यिद्दिश भागात स्पष्ट ऐकू येतो. एकाच वादकाला बॅसेट हॉर्न व बास क्लॅरिनेटसह क्लॅरिनेटच्याच कुळातील अनेक वाद्ये हाताळावी लागतात.

क्राकाउअर (जन्म १९५६) यांच्यासाठी त्यानंतर बऱ्याच रचना झाल्या. मिन्स्क येथे जन्मलेले व्लाद मारहुलेट्स यांचा क्लेझमर क्लॅरिनेट कन्चेर्तो त्यांपैकी. याखेरीज हंगेरीचे बेला कोवाच (१९३७–२०२१) यांची फाइडमन यांना उद्देशून केलेली छोटी रचना विद्यार्थ्यांत प्रिय आहे. ती मुळात क्लॅरिनेट व पियानोची. तंतुवाद्यवृंदासह तिची रूपांतरेही वाजविली जातात.