ली शिझेन यांचं चित्र : चेहरा नेमका कोणाचा?

चिनी पाठ्यपुस्तकांत आणि तिकिटांवर दिसणारे वैद्य ली शिझेन म्हणजे डोक्याला फडकं बांधलेले, पांढऱ्या दाढीचे, विचारात गढलेले आजोबा. हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असेल असं वाटतं, पण ते 1950च्या दशकातलं आहे.

ली 1518 ते 1593 या काळातले, हूबेई प्रांतातल्या छीचौचे. ‘बेन्त्साओ गांगमू’ हा 1892 औषधद्रव्यांचा ग्रंथ त्यांनी 1578 साली हातावेगळा केला. तो छापून लोकांपर्यंत पोचला तो मात्र त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचं समकालीन म्हणावं असं खात्रीलायक चित्र उरलेलं नाही. हाती आहे ते एका ओळीचं वर्णन. प्रस्तावनेसाठी ली ज्यांच्या दारी गेले, त्या वांग शिझेन या साहित्यिकांनी (नावं सारखी, नातं काही नाही) लिहून ठेवलंय : चेहरा तेजस्वी, अंगकाठी कृश, बोलणं रंगतदार.

एवढ्या भांडवलावर चित्र काढायचं काम चित्रकार ज्यांग झाओहे यांच्याकडे आलं. मॉस्को विद्यापीठाच्या नव्या इमारतीत जगभरच्या शास्त्रज्ञांची चित्रं लागणार होती, त्यासाठी चीनमधून चेहरे हवे होते. समोर माणूस बसवून काढायची ज्यांग यांची जुनीच सवय. 1943च्या ‘निर्वासित’ या प्रचंड चित्रातही त्यांनी खरीखुरी माणसंच उतरवली होती. गणितज्ञ झू चोंगझी यांच्यासाठी त्यांनी हवामानशास्त्रज्ञ चू कोचेन यांचा चेहरा घेतला आणि लींसाठी स्वतःचे सासरे श्याओ लोंगयो यांचा. श्याओ बेजिंगच्या चार नामवंत वैद्यांपैकी एक, तेव्हा ऐंशी ओलांडलेले. निवड घरगुती खरी, पण नाडी बघण्यात हयात गेलेला माणूस वैद्याच्या जागी बसवणं मला तरी चोख वाटतं. आपल्याकडच्या चरक-सुश्रुतांच्या चित्रांना एवढाही आधार नसतो.

चित्राची खरी गंमत हाताळणीत आहे. चिनी घराण्यांतली पूर्वजांची चित्रं बहुधा समोरून काढलेली, ताठ, चेहऱ्यावर छायाप्रकाश जवळजवळ नाही. ज्यांग यांनी पाश्चात्त्य रेखाटनातला छायाप्रकाश शाईत आणला. ‘शुआन’ हा चिनी चित्रकारांचा कागद शाई झटकन शोषतो, पुसायची सोय नाही. त्यामुळे गालांचे खळगे आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या पातळ शाईच्या हलक्या थरांनी उभ्या राहतात, अंगरखा मात्र मोजक्याच फटकाऱ्यांत संपतो.

1955 साली प्राचीन शास्त्रज्ञांच्या टपाल तिकिटांत हाच चेहरा लींचा म्हणून छापला गेला आणि तिथून तो पक्का झाला. त्याच वर्षी श्याओ, स्वतःच्या नावाने, चिनी विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.