सशुल्क क्लाउड साठवण: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर

महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरून इंटरनेटवर जागा घ्यायची आणि तीच फाइल वेगवेगळ्या प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांवर उघडायची, अशी ही सोय आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशन-व्यवसायात तिचा उपयोग सहज दिसेल: अक्षरजुळणी विंडोजवर, मुखपृष्ठ मॅकवर आणि मुद्रितशोधकाच्या घरी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार.

सेवा निवडताना आधी लिनक्सचे पाहावे. ड्रॉपबॉक्सचे अधिकृत लिनक्स अ‍ॅप आहे. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हचे नाही. त्यांच्यासाठी आरक्लोन हे मुक्त साधन वापरतात. ते ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखे जोडून देते, पण 'व्हीएफएस कॅश मोड' (फाइल आधी आपल्याच संगणकावर तात्पुरती साठवण्याची सेटिंग) निदान 'राइट्स'वर नसेल तर बऱ्याच प्रोग्रॅमना त्यात फाइल जतन करता येत नाही. त्याची 'सिंक' आज्ञा एकतर्फी असते: मूळ फोल्डरमध्ये नसलेली फाइल ती पलीकडून पुसून टाकते. म्हणून आधी 'ड्राय रन', म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलणारी चाचणी, करून काय जाणार त्याची यादी वाचावी.

पहिल्यांदा फाइली चढवायला लागणारा वेळ अपलोडच्या वेगावरून काढावा. २० एमबीपीएसने (सेकंदाला २० मेगाबिट) १०० जीबी चढायला सुमारे ११ तास लागतात.

खरा घोळ नावांत होतो, आणि मराठी नावांत जास्तच. 'दुसऱ्या खेपेचे प्रूफ' या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर, किंवा 'र' आणि नुक्ता (खालचे टिंब). मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) दुसरी तऱ्हा वापरते. लिनक्सला ही दोन वेगळी नावे वाटतात, त्यामुळे डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी-शेजारी उभ्या राहतात. लांबीचेही तसेच. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलव्यवस्थेवर नाव २५५ बाइटांचे असू शकते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. 'पुण्यातील' या एका शब्दाचेच २७ बाइट होतात. विंडोजवर सुखाने नांदणारे लांबलचक नाव लिनक्सवर उतरतच नाही ते यामुळे. मॅकच्या फाइंडरमध्ये (फाइली पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये) नावातल्या तारखेसाठी तिरकी रेघ चालते, पण ती आत विसर्ग-चिन्हासारखा कोलन म्हणून साठते आणि विंडोजला कोलन चालत नाही. तारखेत आडवी रेघ घालावी, नाव आटोपशीर ठेवावे.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर सेवा जशाचा तसा पोचवते, फॉन्ट मात्र पोचवत नाही. समोरच्या संगणकावर तो नसेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. मुद्रितशोधनासाठी फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच पाठवावी.

एका संगणकावर पुसलेली फाइल सगळीकडून जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते. एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर हवीच.

नूतनीकरणाकडेही लक्ष हवे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१पासून लागू झालेल्या नियमांमुळे कार्डावर ई-मँडेट (आपोआप वसुलीची आगाऊ परवानगी) नोंदलेला नसेल तर पैसे आपोआप वळते होत नाहीत. गूगलच्या बाबतीत मुदत संपली आणि साठा मोफत १५ जीबीपेक्षा जास्त असला, तर नव्या फाइली चढत नाहीत आणि जीमेलवर येणारी पत्रेही थांबतात.